डाव्या अंगाचे वंगण

“पात्यांना बोल लावू नका, काका. पाती तुमची अशी आहेत की दाढी होईल त्यांनी. घासून घासून निम्मी केलीत! आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुमचं.”

“तू मला शिकवू नकोस. धार गेली की मका चावला जातो, कापला जात नाही. शेंबड्या पोरालाही कळतं हे.”

“बरं. मग धार लावल्यावर कापला का?”

 म्हातारा यंत्राच्या उजव्या अंगाला उकिडवा बसला होता आणि हातातल्या चिंधीने आधीच पुसलेला पत्रा पुन्हा पुसत होता. सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. शेडला तीनच भिंती; चौथ्या बाजूने धूळ आत येई, यंत्रावर बसे, आणि म्हातारा ती पुसे.

गाव त्याला कुट्टीवाले म्हणे. गावात चाऱ्याची कुट्टी करणारे असे यंत्र त्याच्या एकट्याकडे होते. ते ट्रॅक्टरमागे ओढायचे. पुढच्या तोंडाने उभा मका आत घ्यायचा, पोटातल्या पात्यांच्या ढोलाने त्याचे नखाएवढे तुकडे करायचे आणि वरच्या बाकदार नळीतून मागच्या ट्रॉलीत फेकायचे. ते तुकडे खड्ड्यात दाबून, वर ताडपत्री ओढून मुरवले की त्याचा मूरघास होई. रानातले हिरवे संपले की गायी त्यावरच निघत. हल्ली मोठी, स्वतःच्या चाकांवर चालणारी यंत्रे भाड्याने मिळत. पण त्यांचे मालक एवढ्याशा तुकड्यासाठी एवढ्या आत यायला तयार नसत. “वळायलाच जागा नाही तुमच्या रानात,” असे त्यांनी फोनवरच सांगून टाकले होते.

समोर पान्हा घेऊन उभा असलेला फिटर मधल्या वयाचा होता. त्याला सगळे तुफान म्हणत, कारण एक नट सोडवायला त्याला दोन चहा लागत. पण त्याने बसवलेला नट पुन्हा ढिला झाल्याचे कोणी ऐकले नव्हते.

“परवा पहिल्याच सरीला बोंबलली ना ही मशीन?” तुफान म्हणाला. “कशी बोंबलली ते करून दाखवा.”

“मी काय नकलाकार आहे?”

“दाखवा तर.”

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिले आणि घशातून एक लांब, चिरका आवाज काढला. गोठ्यातून एका गाईने त्याला उत्तर दिले. तुफान हसला, पण लगेच गंभीर झाला.

“हे पात्याचं रडणं नव्हे. बेअरिंग आहे. ढोल एका अंगाने खाली बसलाय, म्हणून पाती खालच्या पट्टीवर घासतात, म्हणून मका चावला जातो. तुम्ही धार लावा नाहीतर आरती ओवाळा.”

त्याने डाव्या अंगाचा पत्रा उघडायला घेतला. गंजलेले बोल्ट कुरकुरत निघाले. म्हातारा आपल्या जागेवरून उठला नाही. फक्त चिंधी थांबली.

या पत्र्याआड काय निघते, यावर त्याचे पुढचे सगळे आयुष्य अडले होते. बायको गेल्याला दीड वर्ष झाले होते. त्यानंतरच्या पहिल्या हंगामात मका जाडाभरडा कापला गेला. जाडा चारा दाबून बसत नाही, मध्ये हवा राहते. खड्डा उघडला तर आत निळी बुरशी. गायींनी तोंड लावले नाही, दूध आटले. तेव्हा शहरातून आलेल्या लेकीने गोठ्याच्या दारात उभे राहून शब्द घेतला होता. “यंदाचं मी काही बोलत नाही, बाबा. पण पुढच्या वर्षी चारा नीट भरला गेला नाही, तर गायी द्यायच्या आणि माझ्याकडे यायचं. तुम्ही इथे एकटे, मला तिथे झोप लागत नाही.” त्याने मान हलवली होती. लेकीचे चुकत होते असेही नाही. तिच्या घरी त्याच्यासाठी खिडकीची खोली होती. तिथे सगळे होते. पहाटे कशासाठी उठायचे, तेवढे मात्र नव्हते.

“काका, इकडे या.” तुफानचा आवाज बदलला होता.

बेअरिंग जळून निळे पडले होते. आतल्या गोळ्यांची भुकटी झाली होती, आणि ढोलाच्या दांड्यालाच खाच पडली होती. तुफानने बोट फिरवून दाखवले. बोटाला कोरडी, तांबूस धूळ लागली. मग काही न बोलता तो फेरा घालून उजव्या अंगाला गेला आणि तिकडचाही पत्रा उघडला. तिथून ग्रीसचा पिवळा लोळा भसकन बाहेर आला.

“अरे वा! या अंगाला सुकाळ आणि त्या अंगाला दुष्काळ! एकाच आईची दोन लेकरं. एकाला दूध, एकाला पाणीसुद्धा नाही. तिकडे तुम्ही ग्रीस मारलंच नाहीत का हो?”

“रोज मारतो. जोडायच्या आधी न चुकता—”

 म्हातारा यंत्राच्या डाव्या अंगाकडे पाहत राहिला. एखाद्या घराची मागची बाजू पहिल्यांदाच दिसावी, तसा.

“ती बाजू तिची होती,” तो म्हणाला.

हे यंत्र नवरा-बायको दोघांनी जुने घेतले होते आणि पहिल्या दिवसापासून वाटून घेतले होते. उजवे त्याचे, डावे तिचे. कोणी ठरवले नव्हते. डाव्या अंगाच्या फटी अरुंद, तिचा हात बारीक, म्हणून तसे पडत गेले. ग्रीसची पिचकारी एकच. तो आपली बाजू उरकून ती पुढच्या, ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याखालून पलीकडे सरकवी, आणि मग दोघे एकमेकांना न दिसता बोलत. मधे हे एवढे लोखंड. मक्याचे बोलणे, लेकीचे बोलणे, कोणत्या गाईने लाथ मारली ते. कधी भांडण. तीही भांडणे मोठी सुरेख होत, कारण तोंड दिसत नसल्यामुळे दोघांनाही माघार घेता येई. काम संपले की ती पत्र्यावर दोन थापा मारी. मग तो ट्रॅक्टर सुरू करी.

गेल्या हंगामातही त्याने आपल्या बाजूला ग्रीस मारले होते. पिचकारी पुढच्या दांड्याजवळ ठेवली होती. थोडा वेळ तसाच बसला होता, आणि मग हात पुसून ट्रॅक्टरवर चढला होता. पलीकडे जायचे असते, हे त्याला सुचले नव्हते. तीस वर्षे तो पलीकडे गेलाच नव्हता.

तुफानने पान्हा खाली ठेवला. काही तरी बोलायला हवे, असे त्याला वाटले असावे.

“असं होतं, काका. आमच्या घरी साखर कुठे असते, मला आजही ठाऊक नाही.”

“विचारून घे,” म्हातारा म्हणाला.

ढोलाच्या दांड्याच्या खाचेत वेल्ड भरून तो लेथवर तासून मापात आणून घ्यावा लागणार होता, आणि तशा मापाचे बेअरिंग शहरातच मिळण्यासारखे होते. तुफान दांडा खांद्यावर टाकून गेला. मागे उरलेल्या पोकळ यंत्राच्या डाव्या अंगाला म्हातारा पहिल्यांदाच बसला.

ग्रीस आत सोडायची तोंडे कुठे कुठे आहेत, तेही त्याला माहीत नव्हते. आंधळ्याने भिंत चाचपावी तसा तो बोटांनी शोधू लागला. एक सापडले मका आत ओढणाऱ्या रुळाच्या मागे. एक साखळीच्या चाकाखाली. एक इतके आत की त्याचे जाड मनगट फटीत अडकले आणि कातडे सोलून बाहेर आले. आणि प्रत्येक तोंडावर एक इवलीशी काळी टोपी होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून, दोऱ्याने आवळून बांधलेला. धूळ बसू नये म्हणून. त्याच्या बाजूची तोंडे सगळी उघडी होती. ग्रीस मारताना आधी त्यांवरची माती नखाने उकरावी लागे. तीस वर्षे तो उकरत होता, आणि हातभर अंतरावर ती टोप्या घालत होती.

“सांगायचं नाही का मला,” तो मोठ्याने म्हणाला. मग त्याला आठवले की तिने सांगितले असेल. पत्र्यापलीकडून ती पुष्कळ काही सांगे, आणि तो “हं, हं” म्हणे.

तुफान आज येतो, उद्या येतो, असे चालले. म्हातारा रोज सकाळी मक्यात जाई. कणीस सोलून दाणा नखाने दाबी. आधी दूध उडत होते. मग दाणा साईसारखा दाटला. हीच कापणीची वेळ. पण वाऱ्याने घाई केली. वरच्या रानात, जिथे माती उथळ होती, पाने कडांनी पांढरी पडून कुजबुजू लागली. तिथला दाणा एका सकाळी नखाला दाद देईना. खालच्या रानात अजून ओल होती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

“झालं का सुरू?”

“दांडा यायचाय.”

“बाबा, मी गुरांच्या दलालांशी बोलून ठेवलंय. रविवारी गाडी घेऊन येतील. तुम्ही रागावू नका.”

“रागावलो नाही.”

“मग असे का बोलताय?”

“कसा बोलतोय?”

“काहीच बोलत नाही आहात.”

त्याला सांगायचे होते की यंत्र मीच मारले. तुझ्या आईची बाजू मी तशीच सोडून दिली. पण हे फोनवर कसे सांगायचे, ते त्याला समजेना. समोर पत्रा असता तर कदाचित जमले असते.

शुक्रवारी तुफान उगवला. दांडा आरशासारखा झाला होता. दुपारपर्यंत त्याने बेअरिंग ठोकून बसवले आणि कोणाची तरी मोटार बंद पडली म्हणून निघाला.

“पट्टीचं अंतर तुम्ही लावाल ना? कागद कापला गेला पाहिजे, बास. दोघं लागतात त्याला. कोणाला तरी हाक मारा.”

“मारतो,” म्हातारा म्हणाला. मारली नाही.

ढोल उजवीकडून हाताने फिरवायचा आणि डावीकडे पाते पट्टीला कुठे भिडते ते पाहायचे. एकजण फिरवी, एकजण पाही. आता तो थोडे फिरवी, उठे, पुढचा दांडा ओलांडून पलीकडे जाई, वाके, कागद धरी, खूण करी, आणि पुन्हा अलीकडे येई. गुडघे बोलू लागले. कागद कधी चुरगळे, कधी नुसता दुमडे. उन्हे शेडच्या आत येऊन परत बाहेर गेली. शेवटी एका फेऱ्याला कागदाचा तुकडा आवाज न करता खाली पडला. त्याने तो उचलून पाहिला. कड सरळ होती. दाखवायला कोणी नव्हते, म्हणून त्याने तो पुन्हा एकदा पाहिला.

शनिवारी त्याने खालचे रान कापले. यंत्र बोंबलले नाही, घुमले. नळीतून हिरवी धार सुटली आणि ट्रॉलीत आपटून पसरली. त्याने मूठभर कुट्टी उचलून हाताळली. तुकडे एकसारखे, ओलसर, गोडसर वासाचे. मग ट्रॉली खड्ड्याशी न्यायची, रिकामी करायची, ट्रॅक्टर सोडवायचा, ढिगावर पुढेमागे फिरवून दाबायचा, पुन्हा जोडायचा. दर जोडणीला दोन्ही अंगांना ग्रीस, आणि टोप्या परत घालायच्या. चौघांचे काम एकटा करीत होता. रविवारी दलालाची गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा तो ढिगावरच होता.

“मालक, उतरता का?” दलाल खालून ओरडला. धट्टाकट्टा, बोलका माणूस. “तुमच्या लेकीने सात सांगितल्यात.”

“चहा शेजारी मिळेल. मला दाबू द्या.”

“अहो, चारा भरताय आणि गायी विकताय? लग्न मोडलं आणि मांडव घातला!”

म्हातारा उतरला. दलाल मूरघास ओळखणारा होता; त्याने ढिगात हात घालून नाकाशी नेला आणि मान डोलावली. मग वरच्या रानाकडे पाहिले.

“ते?”

“ते वाळलं. आठवडा उशीर झाला. आता खड्ड्यात घातलं तर सगळ्यालाच बुरशी धरेल.”

“म्हणजे निम्माच भरला.”

“निम्म्याहून थोडा जास्त.”

एवढ्या चाऱ्यावर किती गायी जगतील, याचा दलालाने हिशेब केला. तो म्हाताऱ्याने आधीच केला होता. म्हातारा गोठ्यात शिरला आणि तीन गायी सोडून घेऊन आला. चांगल्या तीन, ज्यांना कोणीही नीट सांभाळील अशा. मागे एक म्हातारी, एक लाथाळ, एक दोनच सडांना दूध येणारी आणि एक गाभण राहिली.

“उलट करायला हवं होतं, मालक. चांगल्या ठेवतात.”

“वाईट कोण घेणार? तुम्ही घ्याल?”

“घेईन की.”

“आणि पुढे कुठे द्याल?”

दलाल गाडीकडे वळला. त्याने फळी लावली, गायी चढवल्या. गाडी वळली तेव्हा मधली गाय एकदा हंबरली. म्हातारा ट्रॅक्टरवर चढला आणि उजेड होता तोवर दाबत राहिला. मग ताडपत्री ओढली. एक कड दगडाने धरून ठेवायची, दुसरी कड ओढायची; वाऱ्याने पहिली सुटायची. तिसऱ्या खेपेला बसली. वर माती लोटली.

फोन वाजला तेव्हा तो गोठ्याच्या उंबऱ्यावर होता.

“गेली का गाडी?” लेकीने विचारले.

“गेली. तीन दिल्या.”

“तीनच? आणि बाकीच्या?”

“त्यांच्यापुरतं भरलंय. चांगलं भरलंय.”

 म्हाताऱ्याने फोन कानाला घट्ट धरला. लेक दिसत नव्हती. ते त्याला बरे वाटले.

“तुझ्या आईच्या बाजूला मी ग्रीस मारलं नव्हतं,” तो म्हणाला. “म्हणून झालं सगळं. दोन हंगाम. मला सुचलंच नाही.”

लेक रडत होती की नाही, ते त्याला कळले नाही. तिने विचारले, “म्हणजे तुम्ही येत नाही.”

“चार आहेत गं. त्यांतली एक गाभण.”

“आणि ती व्याली की?”

“मग पाच होतील,” म्हातारा म्हणाला, आणि बादली घेऊन आत गेला.