काथवट कोणी न्यायची?

मित्रांनो, परवा उपासना संपल्यावर एका चिमुरडीने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "आई, ही होडी इथे कशाला ठेवलीय?" मला हसू आले. बाळा, मी होडी नाही. मी काथवट आहे, पीठ मळायचे पसरट लाकडी भांडे. माझे वय झाले आहे. एका कडेला बोटभर चीर आहे आणि मूळचा पिवळसर रंग केव्हाच काळपट झाला आहे. तरी मी अजून कामावर आहे. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा पाव माझ्यात मळला जातो.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. दारे-खिडक्यांच्या कामातून उरलेला एक जाड ओंडका त्याने बायकोसाठी बाजूला ठेवला होता. तो त्याने वाकसाने तासला, पटाशीने कोरला, आणि शेवटी पॉलिश पेपरने घासला. मधूनमधून माझ्या अंगावरून तळहात फिरवून बघे आणि पुटपुटे, "तिच्या हातात कुसळ जाता कामा नये."

त्याची बायको मोठी खमकी. तिला घरातले आई म्हणत आणि चर्चमधलेही आईच म्हणत. प्रभुभोजनाचा पाव मळायचे काम तिने आपणहून मागून घेतले आणि तिच्याबरोबर मीही सेवेत रुजू झाले. पुढे तिने इतर बायकांनाही त्यात ओढले. दर महिन्याला एकीची पाळी येई. ती मला घरी नेई, शनिवारी पीठ मळी आणि त्यातला एक गोळा चिनी मातीच्या बरणीत मागे ठेवी. तो गोळा म्हणजे पुढच्या वेळचे खमीर, त्याच्यामुळेच पीठ फुगते. अधूनमधून त्याला पीठ-पाणी घालावे लागते, नाहीतर ते मरते. बरणी आणि मी, आम्ही दोघी सख्ख्या बहिणींसारख्या या घरातून त्या घरात जात असू.

आईने एक नियम घालून दिला होता. "जिचं कोणाशी बोलणं बंद आहे, तिने काथवट न्यायची नाही. आधी जाऊन बोलायचं, मग मळायचं." प्रभूने शिकवलेलेच ती आपल्या भाषेत सांगत होती. त्या नियमाच्या धाकाने किती भांडणे मिटली म्हणून सांगू! पाळी जवळ आली की बायका लगबगीने शेजारणीचे दार गाठत. एकदा एक बाई सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाली, "माझी पाळी अजून लांब आहे हं! तोवर मी खुशाल अबोला धरू शकते." तेव्हा आई इतकी हसली, की तिला डोळे पुसावे लागले.

या आईला दोन सुना होत्या. थोरली तळमजल्यावर आईजवळ राहायची आणि घरीच शिवणकाम करायची. धाकटी जिन्यावरून वरच्या मजल्यावर. ती दवाखान्यात नर्स होती. दोघींचे चांगले मेतकूट होते. एकीचे मशीन थांबले की दुसरी चहाला खाली उतरे.

धाकटीची पाव मळायची पाळी नुकतीच होऊन गेली होती, म्हणून बरणी वर तिच्याकडे होती. मला मात्र तेल लावायचे म्हणून आईने आपल्या खोलीत फळीवर ठेवून घेतले होते. त्यामुळे पुढे जे घडले ते मी पाहिले. एका दुपारी आईला एकाएकी धाप लागली. थोरली फोनकडे धावली, तेव्हा आईने तिचा हात धरला. "तिला बोलावू नको. रात्रभर जागून पुन्हा ड्यूटीवर गेलीय पोर. संध्याकाळी येईलच." थोरलीने शेजारचे डॉक्टर आणले. पण आई संध्याकाळपर्यंत थांबली नाही.

दफनभूमीतून परतल्यावर घर माणसांनी भरले होते. त्या भरल्या घरात धाकटी थोरलीला म्हणाली, "ताई, एक फोन केला असतात तर आई आज असत्या."

थोरलीच्या ओठांवर उत्तर आले होते. आईनेच नको म्हटले, एवढेच तर सांगायचे होते. पण तिने ओठ मिटले आणि ती उठून आत गेली. त्या दिवसापासून दोघींचे बोलणे बंद झाले. न दिलेले ते उत्तर थोरली मनातल्या मनात धार लावून ठेवू लागली. मशीनवर बसली की ओठ हलत, आणि मशीन सुसाट पळे.

मित्रांनो, त्यानंतर माझे दिवस फिरले. नियमाप्रमाणे त्या दोघींना मला हात लावता येईना, आणि आईवाचून इतरांचा उत्साहही ओसरला. पाव बेकरीतून येऊ लागला. मला चर्चच्या कोठीत मोडक्या खुर्च्यांखाली सरकवले. कोणीतरी माझ्यात खिळे आणि उडालेले बल्ब टाकून ठेवले. तेलावाचून माझे अंग वाळत गेले आणि एके दिवशी माझ्या कडेला चीर पडली. तिचा आवाज ऐकायला कोणी नव्हते.

वर्ष सरत आले असेल. कोठी झाडायला थोरली आली आणि तिची नजर माझ्यावर पडली. "अरे देवा, आईंची काथवट!" तिने खिळे-बल्ब ओतून टाकले आणि चिरेवरून बोट फिरवले. मग पदर खोचून मला उचलले.

दारात पाळकसाहेबांच्या पत्नी, आमच्या पाळकबाई, उभ्या होत्या. "काय ग, निघालीस कुठे?"

"घरी. येत्या प्रभुभोजनाचा पाव मी मळणार. आईंची काथवट अशी अडगळीत मरू देणार नाही."

"उत्तम. नियम आठवतो ना?"

"मी तिला माफ केलंय. रोज प्रार्थनेत देवाला सांगते."

"आणि तिला?"

"देवाला सांगितलंय ना!"

"असं होय! म्हणजे आता देवाने जिना चढून निरोप पोचवायचा," पाळकबाई म्हणाल्या आणि फुलदाण्या पुसायला लागल्या.

थोरली लाल झाली. पण तिने मला खाली ठेवले नाही. घरी नेऊन तिने मला जवसाचे तेल पाजले. किती दिवसांनी माझ्या अंगात जीव आला! शनिवारी सकाळी तिने पीठ चाळले. खमिराची बरणी तर वर. म्हणून तिने दुकानातून खमिराचे पाकीट आणले होते. ते कोमट पाण्यात भिजवून तिने पीठ मळले आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले.

मला वाटले होते, हे काही फुगायचे नाही. पण खोटे कशाला बोलू? पीठ झकास फुगले.

"वा! आईच्या हातचं असायचं तसंच," तिचा नवरा डोकावून म्हणाला.

"तसं नाही हो. हे पाकिटातलं आहे."

"मग काय झालं? प्रभूला काय कळतंय, पाकीट की बरणी?"

"अहो, त्यालाच तर कळतं." तिने फुगलेल्या पिठावर फडके पुन्हा पसरले. मग म्हणाली, "पाळकबाई खरं तेच बोलल्या. मी जिना सोडून सगळं केलं. याचे पाव घरी खाऊ आपण."

"अगं, पण मन होत नसेल तर कशाला जातेस?"

"मन व्हायची वाट बघत बसले तर ही काथवट पुन्हा वाळेल. राग आहे तसा घेऊन जाते."

तिने मला रिकामे केले, पुसले आणि दोन्ही हातांनी उचलून जिना चढायला लागली. वरच्या दारापाशी मात्र पंचाईत झाली. दोन्ही हातांत मी, घंटा वाजवणार कशी? मला खाली टेकवून घंटा वाजवता आली असती. तिने मला टेकवले नाही. घसा खाकरला आणि हाक मारली, "अगं, दार उघड. मी आलेय."

दार लगेच उघडले. धाकटी दाराआडच उभी असावी.

"खमीर आहे का ग थोडं?" थोरलीने विचारले.

"माझ्याकडे आलात की खमिराकडे?"

"आधी तुझ्याकडे. पण बरणी फेकली नाहीस ना?"

धाकटीने कपाट उघडले. बरणी पुसून लख्ख ठेवलेली होती. झाकण काढताच ओळखीचा आंबट वास आला. माझी बहीण जिवंत होती, मित्रांनो!

"वर्षभर पीठ-पाणी घालतेय," धाकटी म्हणाली. "ड्यूटीवरून कितीही दमून आले तरी चुकवलं नाही. वाटायचं, हे मेलं तर आपलं सगळंच मेलं."

"मग खाली का नाही आलीस?"

"कुठल्या तोंडाने येऊ, ताई? तुमचं मशीन वर ऐकू येतं. असं पळायचं, की वाटायचं मलाच शिवून टाकताय." थोरलीला हसू फुटले, पण धाकटी हसली नाही. ती रडत होती. "मी परक्यांच्या आयांपाशी बसते. आणि घरच्या आईपाशी नव्हते. ते माझं दुखणं होतं, ते तुमच्या अंगावर टाकलं. सगळ्यांदेखत. मला क्षमा करा."

आता थोरली ते बोलणार, हे मला कळले. धार लावून ठेवलेले ते उत्तर. तिने मला ओट्यावर ठेवले, धाकटीला जवळ घेतले आणि अगदी हळू म्हणाली, "अगं, मी फोन करायला धावले होते. आईंनीच हात धरला. म्हणाल्या, दमलीय पोर, तिला बोलावू नको. शेवटपर्यंत तुझीच काळजी होती त्यांना."

शब्द तेच होते, मित्रांनो. पण वर्षभर जे सुरीसारखे पाजळले होते, ते तिने मलमासारखे लावले. ज्या राखीव उत्तराने ती जिंकणार होती, त्यानेच तिने धाकटीला सावरले. माणूस विश्वासात वाढतो तो असा, हे त्या दिवशी मी ओट्यावर बसून पाहिले. मग दोघींनी मिळून पीठ मळले. चार हात एकदम माझ्यात कधी नव्हते. चीर थोडी कुरकुरली, पण मी तग धरला.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी तो पाव मोडला तेव्हा दोघी शेजारी शेजारी गुडघे टेकून होत्या. नंतर पाळकबाईंनी विचारले, "आता काथवट कोण नेणार? जिचं सगळ्यांशी बोलणं आहे अशी कोण आहे?"

थोरली उठली. "आईंची क्षमा मागून मी नियम उलटा करते. ज्या दोघींचं बोलणं बंद आहे, त्यांनाच पाळी. एकीकडे काथवट द्यायची, दुसरीकडे बरणी."

"अगं बाई! तेवढी भांडणं आहेत का आपल्याकडे?" कोणीतरी विचारले.

"पुष्कळ आहेत," पाळकबाई म्हणाल्या. "कमी पडली तर मी आहेच."

तेव्हापासून मी अशीच फिरते आहे. मित्रांनो, मला तेल लावायला विसरू नका, बरणीला पीठ-पाणी घालायला विसरू नका, आणि देवाशी बोलून उठलात की ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्या दाराकडे चालू लागा. पाय जड झाले तर मला बरोबर घ्या. मला दोन्ही हातांनी धरावे लागते, आणि मग घंटा वाजवता येत नाही. हाक मारावीच लागते.