पंप बदलणाऱ्याचे हात

"वैनी, मायाप्पा गाडीचा पंप बदलत असंल तवर घरात इस्तू ठेवू नका. बंबसुदा इजवा," असं हिंदुराव मिस्त्री दारातूनच सांगून गेले होते. मी मान हलवली. बंब अंगणाच्या एका टोकाला, मोटार दुसऱ्या. शिवाय सहा महिन्यांच्या माझ्या बाळीला खोकला. तिला गरम पाणी हवं. मिस्त्री उगीच घाबरवतात, असं मला वाटलं.

तो यंदाचा, चौऱ्याहत्तरचा वैशाख. सोलापूरहून मंद्रूपकडे जाताना चढ संपतो, तिथं लिंबाखाली दुपारी ही गर्दी! चढ चढून आलेल्या मोटारी तिथं बंद पडायच्या आणि गारवाबाबा त्यांना उठवायचे.

"गाडीच्या पोटात आगीचं भूत शिरलंय! कुनी हात लावायचा न्हाय!" बाबा गरजायचे. बॉनेट उघडायचं, वर नारळ, गुलाल. आणि आत, सहज टाकल्यासारखा, रांजणात बुडवलेला ओला पंचा. मग डोळे पांढरे करून अर्धा तास मंत्र. "आता मार किल्ली!" मोटार सुरू. माणसं लोटांगण घालत.

माझा धाकटा दीर मायाप्पा टॅक्सी चालवायचा. त्याची मोटार आठवड्यातून दोनदा तिथं झपाटायची. एकदा मीही मागं बसले होते.

"भावजी, दुपारी मंत्र एवढा लांबतो, मग सकाळी चटकन कसा आटोपतो?"

"सकाळचं भूत ल्हान असतंय वैनी."

"आणि थंडीत?"

"थंडीत..." तो डोकं खाजवत म्हणाला, "थंडीत बाधा होतच न्हाय की."

हिंदुराव मिस्त्रींना विचारलं तर ते खो खो हसले. उन्हानं पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, झिजलेल्या पंपाला ती ओढवत नाही. ओल्या फडक्यानं पंप निवला की वाफेचं पुन्हा पेट्रोल. पंचा खरा, मंत्र निव्वळ वेळ काढायला! "पंप बदला, भूत गेलंच समजा."

पुढच्या खेपेला मोटार बंद पडली तेव्हा मी बाळीचं ओलं दुपटं पंपावर टाकलं. मंत्र नाही, नारळ नाही. थोड्या वेळानं मोटार सुरू.

"दुपट्याला भ्यालं की भूत!" मायाप्पा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

ते बाबांच्या कानावर गेलं. "गाडीच्या पोटाला हात घालील, त्याचं हात जळतील!" त्यांनी भर गर्दीत सांगून टाकलं. मायाप्पानं नवा पंप आणला, पण धसका घेतलाच. इतर ड्रायव्हरांनी बघू नये म्हणून त्यानं अंगणाचा दरवाजा लावून घेतला.

इंजिन गार होतं, बॅटरीची तार त्यानं काढली होती. टाकीकडून येणाऱ्या नळीला बूचही मारलं होतं. ते निसटलं. "वैनी, जरा सांडलंय, पुसून घेतो," तो म्हणाला. मी बाळीला काखेत घेऊन बंबातून पाणी काढत होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. बंद अंगणात ती जमिनीलगत सरपटत येते. बंबाच्या तोंडापासून निळसर जाळ फरशीवरून धावत गेलेला मी पाहिला. मायाप्पाचे हात कोपरापर्यंत पेट्रोलनं भिजलेले होते.

बाळीला काही झालं नाही.

माझ्या सासूबाई केराबाईंनी ऊर बडवला: "बाबाचा शाप भोवला गं!" गल्लीनं माना डोलावल्या. बंब पेटता होता का, हे कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. कॉलेजात शिकलेली मी तीन आठवडे त्या भोंदूच्या शापाआड लपून बसले. तेवढ्यात मायाप्पा दवाखान्यातून उठून क्षमा मागायला लिंबाखाली गेला, आणि तिथंच राहिला. बाबा त्याचे हात उंच धरून दाखवत: "बघा, पंप बदलणाऱ्याचं हात!"

शेवटी मी मिस्त्रींना घेऊन गेले. बंद पडलेल्या एका मोटारीच्या पंपावर सगळ्यांसमोर साधं ओलं फडकं ठेवलं. मोटार सुरू झाली. मग बंबाचं सगळं सांगितलं, माझ्या तोंडानं. गर्दी कुजबुजत पांगली. कोणी बाबांच्या नावानं शिट्टीही मारली.

मायाप्पा मात्र माझ्याकडे मायेनं बघत राहिला. "माझ्या मनाला बरं वाटावं म्हनून बोलताय तुमी. लेकराची माय हाय तुमी वैनी, खोटा दोष घेऊ नका."

ते मला रोज ऐकू येतं.

वाचकहो, पंप घरी बदलता येतो. गाडी उघड्यावर घ्या, इंजिन निवू द्या, बॅटरीची तार काढा, नळीचं तोंड घट्ट बंद करा, जवळ वाळूची बादली ठेवा आणि आसपास विडीसुद्धा पेटू देऊ नका. यात कोप नाही, कृपा नाही. कुणी शाप सांगितला, तर त्या वेळी तिथं काय काय घडत होतं ते आधी विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे, त्यानं गप्प राहू नये.

बाबांनी लिंबाखालचं बस्तान हलवलं. मायाप्पाला घेऊन ते जेऊरकडे गेल्याचं ऐकते. डॉक्टर म्हणतात, बोटं रोज तेल लावून उघडमीट केली नाहीत तर कायमची आखडतील. बाबांनी त्याला तेल वर्ज्य केलंय. तुम्ही त्या बाजूचे असाल, तर जेऊर स्टेशनाजवळ जरा चौकशी करा. किडकिडीत, पंचविशीचा, लांब बाह्यांचा सदरा. त्याला जेवलास का विचारा, आणि त्याची बोटं अजून उघडतात का, तेवढं बघा.