एकवीस चेहरे आणि रिकामं गोडाऊन

नागरिकहो, आपल्याकडे बॅनर पाहिला की माणूस किती मोठा आहे ते कळतं. तो विकतो काय, ते मात्र त्यालाच विचारावं लागतं.

वडप्याच्या केसरीनाथ पाटलांनी २००६ साली शेवटच्या भातखाचरावर गोडाऊन बांधलं. सहा महिने ते रिकामं राहिलं. पावसाळ्याआधी भाडेकरू मिळाला नाही, तर जागा दलालाला विकायची असं ठरलं. म्हणून त्यांनी हायवेला जाहिरात लावली. मधोमध स्वतः, कानाला मोबाईल. भोवती वीस चेहरे : सरपंच, तीन काका, क्रिकेट टीमचा कॅप्टन. धाकट्या काकांचा फोटो राहिला म्हणून बॅनर दोनदा छापला. 'गोडाऊन भाड्याने देणे' हे शब्द सगळ्यांच्या पायाशी होते.

आठवड्याने एक गाडी थांबली. आतल्या साहेबांनी बॅनर निरखून विचारलं, "निवडणुका कधी आहेत?" मग दापोड्याचा रस्ता विचारला. त्यांना तिथे गोडाऊन बघायचं होतं.

केसरीनाथ घरी येऊन म्हणाले, लोकांना वाचता येत नाही. बायको, सखी, तांदूळ निवडत होती.

"वाचाला हाय काय त्याच्यावर?"

"एवढी मानसा हायेत की."

"मानसा ठेवाला कोनी गोडाऊन घेत न्हाय. माल ठेवाला घेतान."

तिने चहाच्या टपरीवर ड्रायव्हरांना आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांचे प्रश्न दोनच : कंटेनर आत वळतो का, आणि पाणी शिरतं का. केसरीनाथांनी लगेच लिहायला घेतलं, पाणी शिरत नाही.

"मागच्या कोपऱ्यात शिरतं," सखी म्हणाली. "आधी तो भरा, मंग लिवा."

केसरीनाथांनी पेन खाली ठेवलं. मग गवंडी आणला, कोपरा भरला आणि बॅनर स्वतःच्या हाताने उतरवला. नव्या पाटीवर एकही चेहरा नव्हता : 'गोडाऊन भाड्याने. आठ हजार फूट. चाळीस फुटी कंटेनर आत वळतो. पाणी शिरत नाही.' खाली नंबर, धावत्या ट्रकमधून वाचता येईल एवढा.

तिन्ही काकांनी आठवडाभर अबोला धरला. त्या शांततेत फोन ऐकू आला. फोन करणाऱ्याने कंटेनर आणून वळवून पाहिला. तो वळला, मागे हातभर जागा उरली. गोडाऊन भाड्याने गेलं, जागा विकावी लागली नाही.

तेव्हा मंडळी, जाहिरात म्हणजे घरचा सत्कार नव्हे. गिऱ्हाइकाला पडलेल्या प्रश्नाचं ते खरं उत्तर असतं. आणि उत्तर खरं नसेल, तर पेंटरच्या आधी गवंडी बोलवावा.