उजळलेली केरिस

"अब्बा, हे काय केलंत तुम्ही?"

रझियाच्या हातातली केरिस, जावा बेटावरची ती जुनी कट्यार, आरशासारखी लखलखत होती. सकाळी ती संग्रहालयात कामाला गेली, तेव्हा त्या नागमोडी पात्यावर करड्या रेघांची नक्षी होती. महिनाभर घरी मऊ ब्रश आणि तेल घेऊन, गंज हळूहळू काढत तिने ती वर आणली होती.

"काय केलं म्हणजे? साफ केली," मैनुद्दीन म्हणाले. कसबा पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी जन्मभर सुऱ्या, कात्र्या आणि लग्नातल्या तलवारी उजळल्या होत्या. मोतीबिंदू झाल्यापासून गिऱ्हाइकं फिरकत नव्हती. "तू नुसती गोंजारत बसलीस. मी दुपारी चाकावर धरली. बघ, तोंड दिसतंय."

"तोंड बघायला घरात आरसा आहे! जावाच्या लोहारानं लोखंडाचे थर एकावर एक ठोकले, त्याच्या रेघा होत्या त्या. त्यावरूनच मी तिचं वय सांगणार होते. कडसुद्धा झिजवलीत. आणि मुठीजवळचं सोन्याचं पान कुठंय?"

"सोनं होतं ते? मला वाटलं, गंज."

रझियाने कपाळावर हात मारून घेतला.

नेमक्या तेव्हाच सुनीतीबाई पायऱ्या चढून आल्या. लष्करात डॉक्टर असलेल्या त्यांच्या वडिलांनी महायुद्धानंतर ही केरिस जावाहून आणली होती. ती संग्रहालयाला द्यायची, शेजारी वडिलांच्या नावाची पाटी लागेल, असं ठरलं होतं.

"अगंबाई, अगदी नवी दिसतेय हो!" त्या हरखून म्हणाल्या.

गप्प बसणं सोपं होतं. रझियाने केरिस त्यांच्यापुढे धरली. "तेच वाईट झालं, बाई. संग्रहालय आता ती घेणार नाही. माझ्या हातून जास्त घासली गेली."

सुनीतीबाईंचा चेहरा उतरला. "तुमच्या हातून? मग मी महिनाभर चकरा कशाला मारल्या? घरीच राखेनं घासली असती."

"तिनं नाही," मैनुद्दीन उठून उभे राहिले. "मी घासली. ती घरात नव्हती. तिला बोलू नका."

सुनीतीबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "एकाच गुन्ह्याला दोन आरोपी. भांडायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत." त्यांनी केरिस टॉवेलात गुंडाळली. पायऱ्या उतरताना त्यांनी ते गाठोडं छातीशी धरलं होतं.

रझियाने आदळआपट करतच ताट वाढलं. "जेवा आता."

"भूक नाही."

"जेवा म्हणते ना!"

मैनुद्दीन डाव्या हाताने भाकरी तोडू लागले. रझिया थबकली. आयुष्यात त्यांनी कधी डाव्या हाताने घास घेतला नव्हता.

"उजवा हात दाखवा."

त्यांनी तो पाठीमागून पुढे केला. अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्यावर रक्त वाळलं होतं.

"कड कुठं संपते, ते दिसलं नाही," ते हळूच म्हणाले.

रझिया त्यांच्याजवळ बसली. तिने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि त्यांच्या ओठांपुढे धरला.