'प'वर थांबलेलं गाणं

घशाच्या ऑपरेशनमध्ये म्हाळू शाहिरांचा आवाज गेला, तेव्हा त्यांच्या गाण्यांना कीबोर्डची साथ बसवायचं त्यांच्या लेकीनं, करुणानं मनावर घेतलं. दौंडच्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका रिटायर रेल्वे गार्डकडून ती कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे सुरांचे मेळ, शिकली. 'सा'च्या कॉर्डवरून 'म'च्या, तिथून 'प'च्या कॉर्डवर जायचं आणि 'प' आपोआप पुन्हा 'सा'कडं ओढतो, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

आई वारल्यावर वडिलांनी रचलेलं गाणं मात्र 'प'वरच थांबायचं. करुणानं ते नियमाप्रमाणं 'सा'वर आणून संपवलं.

"आता कसं पुरं वाटतंय ना, आबा?"

आबांनी नकारार्थी मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, 'तुझी आई दवाखान्यातनं घरी आलीच न्हाई. मी कुठं पुरं करू?'

करुणानं शेवटची कॉर्ड गाळून गाणं पुन्हा वाजवलं. आबा डोळे मिटून, नुसते ओठ हलवत ऐकत होते.

त्याच वर्षी हिवाळ्यात ते गेले. कवठे येमाईच्या विहारात शोकसभा झाली, तिथं करुणानं तेच गाणं वाजवलं. ती थांबली, तरी माणसं पुढच्या सुराची वाट बघत बसून राहिली.