एक्केचाळीस नंबरचा डोळा

माझ्या कामात माणसं येत नाहीत, त्यांचे डोळे येतात. तेही नावाशिवाय, नुसते नंबर. दहा-बारा हॉस्पिटलांतून स्कॅन येतात आणि मी आणि शेजारच्या टेबलावरच्या ताई, आम्ही दोघी, डोळ्याच्या पडद्याखाली साचलेलं पाणी मोजतो. वर्षानुवर्षं रेंगाळणारा आजार आहे. मागच्या पडद्याखाली पाणी झिरपतं आणि बघायला जावं तिथेच, नजरेच्या अगदी मधोमध, डाग बसतो. त्यावर दोन उपचार. एक लेझर, इतका हलका की मागे चटका उरत नाही. दुसऱ्यात हाताच्या शिरेतून औषध सोडतात, डोळ्यावर थंड लाल प्रकाश धरतात, आणि मग दोन दिवस उन्हाचं तोंडही बघायचं नाही. दोन्हींत सरस कोणता, हे बघायलाच तर सगळा खटाटोप. कुणाला काय दिलंय ते आम्हाला सांगत नाहीत. तीन महिन्यांनी पाणी उरलं असेल तर रोग्याला दुसरा उपचार मिळतो, नसेल तर नाही. उरलंय की नाही, ते आमच्या खुणेवर ठरतं.

सोमवारी एक्केचाळीस नंबर उघडला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

डोळ्याच्या पडद्यावरची एक शीर स्वतःभोवतीच वळसा घेऊन पुढे गेली होती, घाईत मारलेल्या निरगाठीसारखी. अशी गाठ मी जन्मात एकदाच पाहिली होती. डोळ्याचे फोटो काढायला शिकत होते तेव्हा सरावाला कुणी डोळा देईना. लग्न नुकतंच झालेलं. नवरा कुठे पळणार? त्याच्या उजव्या डोळ्यात ही गाठ सापडली तेव्हा मी म्हटलं होतं, "पक्का बांधला गेलास बघ."

ताई म्हणाल्या, "काय गं, कधीची एकाच डोळ्याकडे टक लावून बसलीस? प्रेमात-बिमात पडलीस की काय?"

"गाठ बघतेय."

"गाठी मोजायचा पगार नाही मिळत आपल्याला. पाणी बघ."

तीन महिन्यांपूर्वीच्या स्कॅनमध्ये पाण्याची काळी फट चांगली ठसठशीत होती. आताच्यात केसाएवढी करडी रेघ. पाणी असेल, किंवा शिरेची सावली असेल. मी खूण न करताच स्कॅन बंद केला.

घरी जाताना एकेक आठवायला लागलं. तीन महिन्यांपूर्वी, ऐन उकाड्यात, त्याचं डोकं दोन दिवस दुखत होतं. खिडक्यांच्या पडद्यांना कपड्यांचे चिमटे लावलेले आणि हा आतल्या खोलीत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलेला, मांडीवर आमची दोन वर्षांची ठकू. "आम्ही रात्र-रात्र खेळतोय," म्हणाला होता. म्हणजे प्रकाशाचा उपचार. मला कळायला नको होतं, तेही कळलं.

तो घड्याळं दुरुस्त करतो; दुकानातली उरलेली कामं घरी आणतो. मी दारातच थबकले. टेबलाशी वाकलेला, भिंग डाव्या डोळ्याला. इतकी वर्षं ते उजव्याला असायचं. जेवायला उठला की उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ दिसायचा. तो वळ बाजू बदलून कधी गेला, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ठकू त्याच्या गुडघ्याशी गेली. "बाबा."

भिंग न काढता त्याने मोकळ्या उजव्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. नीट तिच्या तोंडाकडे. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. रस्त्यात परकं मूल आडवं आलं की बघावं, तसं. ठकूने मुकाट्याने मान कलती केली. अजून थोडी. पार कान खांद्याला टेकेपर्यंत. आणि थांबली. मग तो हसला. "आलीस होय!"

माझ्याशी ती असं कधीच करत नाही. इवलीशी ती मान, तिला हे कुणी शिकवलं? माझ्या आधी माझ्या लेकीला कळलं होतं.

ती बाहुली शोधायला पळाली तसं मी सरळच विचारलं, "उजव्या डोळ्याने काय दिसतं?"

त्याने भिंग काढलं. "कळलं म्हणायचं. सांगितलं असतं तर तू रोज ऑफिसात माझाच डोळा शोधत बसली असतीस."

"न शोधता सापडलाच की. काय दिसतं?"

"सगळं दिसतं गं. मधलं सोडून." तो चिमटा पुसत राहिला. "तिथे नुसता डाग असता तर भागलं असतं. ठकू समोर आली की तिच्या मानेवर दुसरंच तोंड असतं. लहानच, पण तिचं नाही. डॉक्टर म्हणतात, रिकामी जागा मेंदू मनानेच भरून काढतो. पाणी हटलं की जाईल."

"आणि नाही गेलं तर?"

"लेझर आहे की अजून. तूच खूण करणार ना? पाणी आहे म्हणून टाक. तुझं काय जातं?"

"माझंच तर सगळं जातंय. म्हणून मला खरं दिसणार नाही."

"वा! डोळा माझा गेला आणि दिसत नाही तुला!" तो भडकला. मग भिंग पुन्हा डोळ्याला लावून कामाला लागला.

सकाळी मी एक्केचाळीस नंबर ताईंकडे सरकवला. डोळा ओळखीचा वाटला तर दुसऱ्या तपासणारीकडे द्यायचा आणि कुणाचा ते सांगायचं नाही, असा नियम आहे. ताईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. रेघ मोठी केली, लहान केली, वरच्या शिरेशी जुळवून पाहिली. पाणी म्हणा, ताई, पाणी म्हणा.

"सावली आहे," त्या म्हणाल्या. "कोरडा ठणठणीत! चला, एक तरी सुधारला."

चार दिवसांनी त्याला हॉस्पिटलातून फोन आला. तो नुसता हं, हं करत राहिला. फोन ठेवून फरशीवर ठोकळे रचणाऱ्या ठकूकडे वळला, डावा डोळा तळहाताने झाकला आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

"पाणी गेलंय म्हणाले," तो हळूच बोलला. "डोळा बरा झालाय. लेझरची गरज नाही."

त्याने डाव्या डोळ्यावरचा तळहात काढला नाही.

"मग हे कोण आहे? आज तर माझ्याकडे बघून हसतंय."

ठकू हसत नव्हती. ती आपल्या ठोकळ्यांत गुंग होती. मी पुढे झाले, तिला उचललं आणि तिचं तोंड माझ्या खांद्यात लपवून घट्ट धरलं.