चंद्रीच्या रांजणातला स्पीकर

"आठशे रुपयांत सगळा बाजा घरात आणतो, वर चहाला पैसं उरवतो," असं सयाजीनं कसबा बावड्यातल्या पानपट्टीवर चारचौघांत जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी तो शिवाजी पेठेत ज्ञानूच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेला. एकटा रेकॉर्ड प्लेअरच साडेचारशेला निघाला. अ‍ॅम्प्लिफायर तीनशे. स्पीकरची जोडी दीडशे. आणि त्यांना लाकडी खोकी पाहिजेत, ती वेगळी.

"आवाज किती पायजे?" ज्ञानूनं विचारलं.

"आमच्या आण्णांना ऐकू आला पायजे."

ज्ञानू आण्णांना ओळखत होता. "मग ह्यातलं काय कापू नका, सयाजीराव."

सयाजीच्या वडलांना म्हणजे आण्णांना सनईचा फार नाद. पण दोन वर्षं झाली, कान गेले. तरी रोज सकाळी अंघोळ करून रेडिओसमोर बसायचे. बाकीचे "वा" म्हणाले की थोड्या वेळानं आपणही "वा" म्हणायचे. ते उशिराचं "वा" सयाजीला ऐकवत नव्हतं.

पैसे होते लीलाचे, म्हणजे चंद्री म्हशीच्या दुधाचे. नवऱ्याचा हिशोब ऐकून घेऊन लीला म्हणाली, "ऐकू कशातनं येतंय?"

"स्पीकरातनं."

"मग त्याला कात्री न्हाय. प्लेअर जुना घ्या. आणि खोकी कशाला? परसात दोन रांजण हायत की. एक प्यायचा, एक चंद्रीचा. त्यांच्या तोंडात स्पीकर बसवा, पालथं न्हायतर उताणं."

ज्ञानूनंही मान डोलावली. रांजणात आवाज घुमतो, म्हणाला. साडेतीनशेचा जुना प्लेअर दिला. वर एक खरखरणारा माइक फुकट दिला. आठशेला आठशे बसले. चहा ज्ञानूनंच पाजला.

मुहूर्त दिवाळीच्या पाडव्याचा. दुपारी म्हशींची मिरवणूक, म्हणून चंद्री शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून परसात उभी होती. घराच्या पुढच्या सोप्यात दोन रांजणांच्या मधे फेटा बांधून आण्णा बसले. सयाजीनं बटण दाबलं. तांबडा दिवा लागला. तबकडी गरागरा फिरायला लागली.

सगळे फिरणाऱ्या तबकडीकडं बघत राहिले.

"आवो," लीला हळूच म्हणाली, "गाणं कवा लागणार?"

"रेकॉर्ड लावल्यावर."

"मग लावा की."

सयाजी म्हणाला, "ती तू धरली न्हवतीस व्हय हिशोबात?"

"मला वाटलं प्लेअरच्या पोटात असती."

पाडव्याला दुकानं बंद. आण्णा तिकडं वाट बघून थोड्या वेळानं "वा" म्हणाले.

सयाजीनं माइक उचलला, आवाजाचा कान शेवटपर्यंत पिळला. गाणं काही येत नव्हतं. जे येत होतं तेच त्यानं केलं. मिरवणुकीत म्हशीला मारतात तशी लांब हाक मारली, "चंद्रेऽऽऽ हुर्रऽऽऽ."

छपराच्या खापऱ्या थरथरल्या. आण्णांनी चमकून मान वर केली.

"सयाजी," ते म्हणाले, "चंद्रीला असं बोलवत्यात व्हय? हाक पोटातनं यायला पायजे. आण हिकडं."

लीलानं तोंडाला पदर लावला. सयाजीचे डोळे भरले. त्यानं माइक वडलांच्या हातात दिला. चंद्रीच्या आईला ज्या आवाजात हाकेला यायला शिकवलं होतं, त्या आवाजात आण्णांनी पोटातनं हाक मारली आणि स्वतःच ती ऐकून खूश झाले. म्हणून आणखी एक मारली.

परसातला खुंटा उपटून, दावं फरफटत, चंद्री स्वयंपाकघरातनं सोप्यात आली. आण्णांपुढं उभी राहिली. त्यांनी तिच्या कपाळावरनं हात फिरवला. मग तिनं सवयीनं आपल्या रांजणात तोंड घातलं, पाणी नव्हतं, म्हणून स्पीकरचा कागद खाल्ला.